एकतिसावी ओळ

धंतोलीतल्या इस्पितळात जिन्याखाली माझं टेबल.
कूलरला वाळ्याची नवी ताटी लावली, तरी मे महिन्यात
वरच्या मजल्यावरून येणारे कागद
हाताला गरमच लागतात.

बेबी ऑफ मयूरी बारापात्रे. मुलगा. वय छत्तीस तास.
वजन दोन किलो आठशे.
आई ओ निगेटिव्ह, बाळ ओ पॉझिटिव्ह,
काविळीचा आकडा चोवीस.
नाव ठेवायचं राहिलंय,
म्हणून कंपनीच्या फॉर्मवर तो अजून आईच्याच नावात आहे.

खाली उज्ज्वला सिस्टरचं अक्षर.
दोन चौदा : दहा काढले, दहा घातले.
दोन सतरा : दहा काढले, दहा घातले.
दोन वीस.
बेंबीतल्या एकाच नळीनं
पहाटे साडेचारपर्यंत, पंचेचाळीस वेळा.
एवढं करूनही शंभरातलं तेराच्या आसपास
बाळाचं स्वतःचं उरतं, असं डॉक्टर म्हणाले होते,
मी कोड विचारायला गेले तेव्हा.
त्या तेरांना बिलात कोड नाही.

एकतिसावी ओळ, तीन चव्वेचाळीस :
दहा काढले.
पुढचा रकाना कोरा.

कंपनीचा मेल दुपारीच आला.
'काढलेले ४५०, दिलेले ४४०. खुलासा करावा.'

बाप काउंटरवर. रितेश. गोळीबार चौकातला.
आजोबांचा माग विकून ई-रिक्षा घेतलेली.
खिशातून मेडिकल स्टोअरची पावती काढली, उलटी केली :
चार उभ्या रेघा, एक आडवी, असे नऊ गठ्ठे.
"काचेतून सिस्टरचं कोपर दिसत होतं, मॅडम.
कोपर वर गेलं की रेघ.
पंचेचाळीस आहेत. मोजून घ्या."
म्हटलं, हा कागद चालत नाही, भाऊ.
तो मान हलवून थांबला. मग,
"अन् जे काढलं पोराचं,
त्याचं काही वजा नाही होत का बिलातून?"

हसायला हवं होतं.
मी खरंच स्क्रीनवर शोधलं.
परताव्याच्या रकान्यात न वापरलेली औषधं बसतात,
सीलबंद इंजेक्शनं बसतात.

पेन हातात होतं. निळंच, सिस्टरच्या पेनसारखं.
एक आणि शून्य, एवढंच लिहायचं.
सात वर्षांपूर्वी मी असाच एक रकाना भरला होता,
एका म्हाताऱ्याच्या ऑक्सिजनचा तास.
कुणी विचारलं नाही.
ते न विचारणं अजून माझ्या टेबलाशी बसतं.

संध्याकाळी सिस्टर आली, ड्यूटीच्या आधी,
स्कार्फ सोडता सोडता कागद बघितला, डोळे मिटले.
"तेव्हाच कॅल्शियम देणं चालू होतं.
मॉनिटर बोंबलत होता, डॉक्टर ओरडत होते.
घातले मी दहा.
दोन्ही हात भरलेले होते गं,
लिहायला तिसरा कुठून आणू?"
आणि समासात लिहिलं : उशिरा केलेली नोंद,
आजची तारीख, आत्ताची वेळ, सही.
तीन चव्वेचाळीसच्या जागेवर तिनं हात लावला नाही.

चौथ्या दिवशी क्लेम मंजूर झाला.
कपात सातशे चाळीस :
हातमोजे, कापूस, मनगटाचा पट्टा. देय नाहीत.
रितेशनं दहा-दहाच्या नोटा मोजल्या,
पाच झाल्या की एक आडवी.

मयूरी आली, बाळ पदराखाली,
ऊन लागू नये म्हणून वरून ओला दुपट्टा.
"पिवळं गेलं," ती म्हणाली, मला नाही,
दुपट्ट्याला.

फाईल बांधताना शिक्का मारला : एकूण पाने अडतीस.
मोजाल तर एकोणचाळीस भरतील.
शेवटचं पान छोटं आहे, पाठकोरं,
त्यावर कुणाचीच सही नाही.